साठ गोळ्यांची पोहोच

रामेश्वर गुरुजींनी सोमवारी सकाळी आपल्या आईच्या पानाच्या डब्याची झडती घेतली, आणि पुढच्या पाच दिवसांत त्यांची जी काही शोभा झाली ती छत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी झाली नव्हती.

आता सख्ख्या आईच्या डब्याची झडती कुणी घेतं का, असं तुम्ही म्हणाल. पण गुरुजींचा नाइलाज होता. शुक्रवारी, सव्वीस जूनला, शाळेत अमली पदार्थविरोधी दिन होता. गुरुजी गावच्या नशामुक्ती समितीचे अध्यक्ष. चारशे पोरांना नशा न करण्याची शपथ द्यायची ती गुरुजींनी, गेली सहा वर्षं तेच चालत आलेलं. ज्याने गावाला तंबाखू सोडा म्हणायचं त्याच्याच घरात तंबाखूची चिमूट निघाली तर काय राहिलं मग? तुळजाबाई, म्हणजे गुरुजींची ब्याऐंशी वर्षांची आई, हिने गुरुजी अध्यक्ष झाले त्याच वर्षी तंबाखू सोडली होती. सोडली म्हणजे गुरुजींनी सोडवली. पण पितळी डबा म्हातारीने टाकला नव्हता. रिकामा डबा माणूस उशाशी कशाला ठेवतं, ही शंका गुरुजींना दर जूनमध्ये यायची.

डब्यात तंबाखू नव्हती. गोळ्या होत्या. गुरुजींनी चटईवर ओतून मोजल्या, पुन्हा मोजल्या, दोन्ही वेळा साठ भरल्या.

या साठ गोळ्या घरात आणताना गुरुजींनी काय सोसलं होतं ते सांगितल्याशिवाय त्यांचा संताप कळायचा नाही. मार्चमध्ये तुळजाबाई न्हाणीत घसरल्या, अंबाजोगाईला खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर दिवसाला दोन अशी दुखण्याची गोळी लिहिली. गोळी साधी नव्हती, अफूच्या कुळातली. पाकिटावर उभी लाल पट्टी, सवय लागू शकते म्हणून इशारा. त्यामुळे एका वेळी दहा दिवसांच्याच मिळणार. म्हणजे महिन्यात तीनदा एसटीने अंबाजोगाई, तीनदा रांग, तीनदा नवी चिठ्ठी. मग गावात येऊन मुस्तकीमचं मेडिकल. हा मुस्तकीम गुरुजींचाच विद्यार्थी. रजेची चिठ्ठी आणत नाही म्हणून सातवीत गुरुजींनी त्याला निम्मं वर्ष वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता तोच काउंटरमागे उभा राहून अदबीने विचारायचा, गुरुजी, चिठ्ठी? मग जाड रजिस्टर उघडायचा. रुग्णाचं नाव, पत्ता, डॉक्टरचं नाव, गोळ्या किती, सगळं लिहायचा आणि चिठ्ठीवर शिक्का मारायचा, की तीच पुन्हा दुसरीकडे चालू नये. गुरुजींनी एकदा न राहवून विचारलं, की बाबा, तू मला ओळखत नाहीस का? तो म्हणाला, वळखतो की, म्हनून तर खुर्ची दिली.

एवढ्या कष्टाने आणलेली गोळी गुरुजी घरात मोकाट थोडीच सोडणार! पाकिटं कपाटात, कपाटाला कुलूप. सकाळी आठला आणि रात्री आठला गुरुजी कात्रीने पाकिटाचा एकच चौकोन कापायचे, तेवढाच आईच्या तळहातावर ठेवायचे आणि वहीत खूण करायचे. आई म्हणायची, पान्यासंगं घेते, तू जा. गुरुजी जायचे. साठ खुणा पूर्ण झाल्या तशी वही बंद झाली, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला गुरुजी सांगत होते की म्हातारी उभी राहिली ती वेळच्या वेळी दिलेल्या गोळीमुळे. शिस्त पाहिजे, शिस्त.

ती शिस्त आता साठ चंदेरी चौकोनांत चटईवर पसरली होती. एकही चौकोन फोडलेला नव्हता.

शिवकन्याबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी चटई पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, "आवं, पर आत्याबाईनं खाल्ल्या कावून न्हाईत, ते तर इचारा."

गुरुजी म्हणाले, ते नंतर. आधी या घरातून गेल्या पाहिजेत. शुक्रवार चार दिवसांवर आलाय. अध्यक्षाच्या घरात साठ गोळ्या, त्याही असल्या! कुणी पाहिलं तर काय सांगायचं? तुळजाबाई तेव्हा बाहेर अंगणात भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांना हल्ली उठाबसायला फार वेळ लागायचा, पण वयाच्या मानाने तेवढं चालायचंच असं गुरुजींचं मत होतं.

शिवकन्याबाईंनी सरळ मार्ग सांगितला होता, की कुटून मातीत कालवा आणि द्या टाकून. पण सरळ मार्गाने जातील तर ते गुरुजी कसले! त्यांचं म्हणणं असं, की जी वस्तू रजिस्टरात नोंद होऊन घरात आली ती रजिस्टरात नोंद होऊनच घराबाहेर जाईल, आणि त्याची आपल्याला पोहोच मिळेल. सही-शिक्क्याची पोहोच. उद्या कुणी बोट दाखवलं तर कागद दाखवता आला पाहिजे. सरकार गोळी देताना एवढं डोळ्यांत तेल घालून बघतं, म्हणजे परत घेण्याचीही काहीतरी व्यवस्था केलेली असणारच. गुरुजींचा सरकारवर हा असा विश्वास होता. निवृत्तिवेतन चालू व्हायला दोन वर्षं लागली तरी उडाला नव्हता.

तोवर भिंतीपलीकडून शेजारी राधाकिशनचं डोकं वर आलं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस, त्याला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं, स्वतःच्या बायकोचं तेवढं ऐकू यायचं नाही. त्याने आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर थाप मारून सांगितलं, की गुरुजी, एवढं कशाला, मला द्या. त्याच्याकडे बिस्किटाचा एक मोठा डबा होता. पंधरा वर्षांत गल्लीत ज्याच्या ज्याच्या घरी औषध उरलं ते त्याने त्यात जमा केलं होतं आणि रंग बघून तो ते वाटायचा. तापाला पिवळी, पोटाला गुलाबी, आणि काहीच समजत नसेल तर पांढरी मोठी, अर्धी करून. आजवर कुणी मेलं नाही हे तो अभिमानाने सांगायचा. गुरुजींनी त्याला तिथल्या तिथे एवढं झाडलं, की त्याचं डोकं भिंतीखाली गेलं ते दुपारपर्यंत वर आलं नाही.

मोटारी दुरुस्त करणारा अजिनाथ म्हणाला, संडासात टाका अन् दोन बादल्या पाणी वता. गुरुजींनी त्याला दाखवलं, की आपल्या संडासाची टाकी इथे आणि गल्लीचा बोअर तिथे. मग सिंदफणेत सोडा, अजिनाथ म्हणाला. सिंदफणेचं पाणी धरणात जातं आणि धरणाचं पाणी अख्खं माजलगाव पितं, हे गुरुजींनी त्याला पाचवीत शिकवलं होतं. तो म्हणाला, मग झोपू द्या की माजलगाव दोन दिस, लई वळवळ करतंय.

मंगळवारी गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून, डबा कापडी पिशवीत घेऊन मेडिकलमध्ये गेले. त्यांनी घरून अर्जच लिहून नेला होता. विषय, साठ (अक्षरी साठ) गोळ्या परत घेऊन पोहोच मिळणेबाबत. चार प्रती. मुस्तकीमने खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज दोन्ही हातांनी घेऊन वाचला आणि तसाच दोन्ही हातांनी परत दिला. म्हणाला, इकलेला माल परत घ्यायचा कायदा न्हाई, अन् ह्या गोळीचा तर अजिबात न्हाई. गुरुजींनी विचारलं, नोंद तुझ्याच रजिस्टरात आहे ना? हाय, पर ते गेलेल्याचं रजिस्टर हाय, आलेल्याचं न्हाई. मग त्याने एक चौकोन उचलून उजेडात धरला आणि हळूच सांगितलं, की यावर ना बॅच नंबर, ना तारीख. तुमी कापताना ते सगळं कुठल्या कुठं गेलं. ही तीच गोळी हाय ते तुमी सांगताय म्हनून मी मानतो, कागद न्हाई मानणार.

म्हणजे गुरुजींच्या शिस्तीनेच गुरुजींचा घात केला होता. सबंध पाकीट आईच्या हातात देणारा कुणी गबाळा मुलगा असता तर निदान तारीख तरी वाचता आली असती. गुरुजींनी पिशवी उचलली. मुस्तकीम पायरीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, सरकारी दवाखान्यात बघा, अन् गुरुजी, बाजारातून नेताना पिशवी जरा झाकून न्या. या झाकून न्या शब्दांचा गुरुजींना जेवढा राग आला तेवढा नकाराचाही आला नव्हता.

आता इथे गावाचं नाव सांगायला पाहिजे, पण सांगत नाही. धारूरचा घाट उतरून माजलगावकडे निघालं की वाटेत लागतं, एवढंच. पुढे जी कार्यालयं येणार आहेत त्यांनी आपल्याला नोटीस धाडावी एवढी आपली हौस नाही.

दवाखान्यातल्या औषध खिडकीवरचे साहेब मनमोकळे होते. त्यांनी गुरुजींना आत घेतलं, पंख्याखाली बसवलं आणि आपली अडचण सांगितली. गोळ्या घेतल्या तर साठ्यात दाखवाव्या लागतील. साठ्यात दाखवल्या तर कुठून आल्या ते दाखवावं लागेल. वरून आल्या नाहीत, विकत घेतल्या नाहीत, म्हणजे देणगी. देणगी घ्यायची तर समितीचा ठराव, आणि समितीची बैठक दिवाळीनंतर. गुरुजी म्हणाले, अहो, देणगी नको, कचरा म्हणून घ्या, नष्ट करा. त्यावर साहेबांनी कोपऱ्यातली पिवळी पिशवी दाखवली. दवाखान्यातल्या घातक कचऱ्याची पिशवी, रोज वजन होऊन, चिकटपट्टी लागून गाडीने जाते. पण त्यात फक्त इथे निर्माण झालेला कचरा. बाहेरचा एक ग्रॅमही चालत नाही. तुमच्या आई इथे भरती असत्या तर पहा, कचरा आपलाच झाला असता. ते हे इतक्या हळहळून म्हणाले, की आईला दोन दिवस भरती करावं का असं गुरुजींच्या मनात क्षणभर येऊन गेलं.

बुधवारी सकाळी घंटागाडी आली. गाडीवरचं गाणं ओला कचरा, सुका कचरा असं बजावत होतं. गुरुजी पिशवी घेऊन फाटकात उभे राहिले आणि त्यांनी हनुमान ड्रायव्हरला विचारलं, की गोळ्या ओल्यात येतात की सुक्यात? हनुमानने गाणं बंद केलं. कसल्या गोळ्या? गुरुजी पडले खरं बोलणारे. त्यांनी सांगितलं. हनुमानने हात जोडले. मागच्या साली कुणीतरी झोपेच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या, त्या गाईने खाल्ल्या आणि गाय भर चौकात दीड दिवस झोपली. मग रास्ता रोको झाला, तोही गाईमुळे आधीच झालेला होता तो भाग वेगळा. शेवटी निलंबित कोण झालं तर हनुमानचा मेहुणा. तवापून आपन गोळीच्या वाटंला जात न्हाई, असं म्हणून त्याने गाणं पुन्हा लावलं आणि गाडी पुढे काढली. पुढच्या प्रत्येक फाटकापाशी त्याने गाणं थोडं थोडं बंद केलं, आणि दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळलं की गुरुजींच्या घरात नशेच्या साठ गोळ्या आहेत.

नगरपंचायतीतही गुरुजी जाऊन आले. घरगुती घातक कचऱ्यासाठी वेगळा डबा असतो हे त्यांनी वाचलं होतं, आणि खरंच होता. नवाकोरा, झाकणाचा, मुख्याधिकाऱ्यांच्या दाराशी. त्यात छत्र्या ठेवल्या होत्या. डबा वापरात आणायचा तर त्याचं उद्घाटन व्हायला पाहिजे, आणि उद्घाटन कुणाच्या हस्ते यावर दोन गटांचं जमत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर अनोळखी दोन तरुण आले, पाया पडले आणि खालच्या आवाजात विचारू लागले की माल अजून आहे का. छत्तीस वर्षं ज्या हाताने छड्या मारल्या तो हात गुरुजींनी उगारला, तेव्हा ते गेले, पण जाताना एवढं काय तापता, नाही म्हणा की, असं वर बोलून गेले. गुरुजी रात्री जेवले नाहीत. चारचौघांत ज्याच्या नावाने आया पोरांना दटावायच्या, रामेश्वर गुरुजींना सांगीन म्हणायच्या, त्याच्या दारात गिऱ्हाईक यावं! ते घरभर येरझाऱ्या घालत शुक्रवारचं भाषण मोठ्याने म्हणत राहिले. एक गोळी, विद्यार्थी मित्रहो, एकच गोळी ही विनाशाची पहिली पायरी असते. तुळजाबाई आतल्या खोलीत कुशीवर पडून ऐकत होत्या. हे भाषण त्यांना पाठ होतं.

गुरुवारी राहिलं होतं पोलीस ठाणं. जमादार बंकट यांनी अर्ज वाचला, पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, सापडल्या का आणल्या? गुरुजींना फरक कळला नाही. जमादारांनी समजावून सांगितलं. सापडल्या असतील तर जप्ती. आणल्या असतील तर तुमच्या ताब्यात होत्या असा त्याचा अर्थ. दोन्हीकडे फॉर्म एकच, आणि त्या फॉर्मात आरोपीचा रकाना मोकळा सोडता येत नाही, पुढं जातच न्हाई ते. बरं, तुमच्या नावावर नाहीत ना गोळ्या? मग कुणाच्या? गुरुजींच्या तोंडून आईचं नाव निघालं. जमादारांनी पेन उघडलं, तुळजाबाई एवढं लिहिलं आणि वय विचारलं. ब्याऐंशी म्हटल्यावर त्यांचंही पेन थांबलं, तेवढ्यात गुरुजींनी अर्ज ओढून घेतला आणि पिशवी छातीशी धरून ते ठाण्याच्या पायऱ्या उतरले. मागून जमादार ओरडून सांगत होते, की औषध निरीक्षक मॅडम उद्या तुमच्याच कार्यक्रमाला येनार हायत, त्यांना गाठा.

घरी येतात तोच मुख्याध्यापिका राजनंदिनीबाईंचा फोन. त्या फार मायेने बोलत होत्या. गुरुजी, उन्हातान्हाचं फिरणं चाललंय म्हणे तुमचं. तब्येत बरी नसेल तर यंदा शपथ आमचे क्रीडाशिक्षक देतील, तुम्ही नुसते खुर्चीवर बसा. गुरुजींना सगळं कळलं. तब्येत ठणठणीत आहे, शपथ मीच देणार, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, पिशवी खुंटीला टांगली आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले. सकाळी दहाच्या कार्यक्रमाआधी पोहोच मिळाली नाही तर सहा वर्षांचं अध्यक्षपद आणि छत्तीस वर्षांचं नाव दोन्ही गेल्यात जमा होतं.

शुक्रवारी मंचावर सगळे होते. दवाखान्याचे मोठे डॉक्टर, नगरपंचायतीचे मुख्याधिकारी, ठाणेदार, बीडहून आलेल्या औषध निरीक्षक प्रियदर्शनी मॅडम, आणि कडेच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेतलेले गुरुजी. मेडिकलवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून मुस्तकीम पहिल्या रांगेत होता, आणि राधाकिशन कुणाचा प्रतिनिधी म्हणून होता हे कुणालाच माहीत नव्हतं. भाषणं सुरू झाली. डॉक्टरांनी छापील कागद वाचला, की घरात उरलेली औषधे साठवू नयेत, योग्य ठिकाणी जमा करावीत. मुख्याधिकारी म्हणाले, जबाबदार नागरिकांनी अशी औषधे कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी द्यावीत. ठाणेदारांनीही तेच योग्य ठिकाण सांगितलं. तिसऱ्यांदा योग्य ठिकाण ऐकलं आणि गुरुजी उठले. त्यांचा नंबर नव्हता. त्यांनी माइक ठाणेदारांच्या हातातून घेतला आणि पितळी डबा मंचावरच्या टेबलावर फुलदाणीशेजारी ठेवला.

"मुलांनो, शपथ नंतर. आधी एक प्रश्न. ह्या डब्यात साठ गोळ्या आहेत. माझ्या आईला दिल्या, तिने खाल्ल्या नाहीत. मी चार दिवस योग्य ठिकाण शोधतोय. ते ह्या मंचावरच्या चौघांपैकी कुणाच्या कार्यालयात आहे ते त्यांनी उभं राहून सांगावं."

डॉक्टरांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं, मुख्याधिकाऱ्यांनी ठाणेदारांकडे, आणि तिघांनी मिळून प्रियदर्शनी मॅडमकडे. मॅडम वयाने लहान होत्या, पण त्यांना लाज वाटली एवढं खरं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की याला स्वतंत्र रकाना माझ्याकडेही नाही, पण सगळ्यांच्या सह्यांनी इथेच पंचनामा करू, मी ताब्यात घेते, नष्ट करायची व्यवस्था लावते आणि गुरुजींना पोहोच देते. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच दिवसांत पोहोच हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता.

टेबलावर पुठ्ठा आला. मुस्तकीमने एकेक चौकोन डब्यातून काढून पुठ्ठ्यावर ठेवायला घेतला, आणि चारशे पोरं आपणहून मोठ्याने मोजायला लागली. पाढे म्हणायची सवय गुरुजींचीच. पंचवीस, तीस, चाळीस, आवाज चढत गेला. अठ्ठावन्न. एकोणसाठ. पोरांनी साठ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. डबा रिकामा होता.

मुस्तकीमने पुन्हा मोजल्या. एकोणसाठ. डबा उपडा केला, पिशवी उलटी केली. मॅडमनी अर्जावर बोट ठेवून विचारलं, गुरुजी, इथे साठ लिहिलंय, अक्षरीसुद्धा. एक कुठे गेली? मंडपात कुजबुज सुरू झाली. ठाणेदार सावरून बसले. गुरुजींची नजर सावकाश राधाकिशनच्या गुडघ्यावर गेली, आणि गुरुजींची गेली तशी सगळ्या मंडपाची गेली. राधाकिशन उभा राहिला आणि देवाची शपथ घेऊन म्हणाला, की आपण डब्याला बोट लावलं न्हाई. लावायची विच्छा व्हती, ते येगळं.

मॅडमनी खुलासा लिहून आणायला तासाभराची मुदत दिली. गुरुजी चारशे पोरांच्या मधून चालत निघाले. कुणी हसलं नाही, ते त्यांना जास्त लागलं.

घरी शिवकन्याबाईंनी दारातच तोंडावर बोट ठेवलं. आत्याबाई झोपल्यात, उठवू नका. गुरुजी चिडले, अकरा वाजता कसली झोप? शिवकन्याबाई म्हणाल्या, की रातीपासून झोपल्यात. तीन महिन्यांत त्यांना लागलेली ही पहिली झोप. तुमी तिकडच्या खोलीत घोरताय, मी रोज रातीला त्यांना उठून बसलेलं बघते, इचारलं तर म्हनायच्या, रामेश्वरला सांगू नको.

गुरुजी उशाशी जाऊन बसले. तुळजाबाई कुशीवर नव्हत्या, पाठीवर सरळ झोपल्या होत्या, आणि खुब्यावरचा हात बाजूला पडला होता. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, मुलाला पाहिलं आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"एक मी खाल्ली. रातीला पिशवीतून काढली. तू समद्याच घेऊन जानार व्हतास, मग कुठली मिळती मला."

"मग आधी का नाही खाल्लीस, माय? मी रोज हातावर ठेवत होतो ना?"

"ठेवीत व्हतास. अन् माघारी जाऊन म्हनत व्हतास, एका गोळीनं सुरवात व्हती, मानूस कामातून जातं. पाकिटावर बी तसंच लिवलंय म्हनून तूच वाचून दाखीवलंस. अध्यक्षाच्या आईला सवय लागली तर लोकांनी तुझ्या तोंडात श्यान घातलं असतं." त्यांनी खुब्यावरून हात फिरवला. "लई दुखायचं रे. तंबाखू असती तर तेवढाच इसर पडला असता."

गुरुजींना वहीतल्या साठ खुणा आठवल्या. सबंध महिना रोज दोनदा ते या खोलीत आले होते आणि दोनदा पाठ फिरवून गेले होते. चार दिवस त्यांनी गावातल्या प्रत्येक खिडकीवर प्रश्न विचारले होते, आणि शिवकन्याबाईंनी सोमवारी सकाळी सांगितलेला एकच विचारायचा राहिला होता. म्हातारीने हात लांब करून त्यांचा गुडघा चाचपला.

"चांगली हाय पर गोळी. अजून हायत का रे त्या?"

तासाभरात गुरुजी शाळेत परत गेले. शपथ तोवर क्रीडाशिक्षकांनी देऊन टाकली होती, मंडप उतरवत होते, पोरं खिचडीला बसली होती. मॅडम एकट्या थांबल्या होत्या. पंचनाम्यावर चार सह्या झाल्या होत्या आणि खाली खुलाशाची जागा रिकामी होती. गुरुजींनी उभ्या उभ्या सुंदर अक्षरात लिहिलं, की साठपैकी एक गोळी रुग्णास दुखत असल्याने रुग्णाने औषध म्हणून घेतली. मॅडमनी वाचलं आणि पोहोचीवर शिक्का मारला. गुरुजींनी पोहोच घडी करून खिशात घातली. ती नीट वाचायचीही त्यांना इच्छा राहिली नव्हती.

शनिवारी सकाळच्या अंबाजोगाईच्या गाडीत खिडकीशी तुळजाबाई होत्या. आजवर चिठ्ठीसाठी गुरुजी एकटेच जात, पेशंट बरा आहे असं स्वतःच डॉक्टरांना सांगून येत. या वेळी दुखणं ज्याचं त्यानेच सांगायचं ठरलं होतं. गाडी खड्ड्यातून गेली की म्हातारी डोळे मिटून घ्यायची आणि गुरुजी तिचा दंड धरायचे. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "रामेश्वर, रोजच्या दोन खाल्ल्या तर तुझं अध्यक्षपद जाईल का रे?"

"गेलं तर जाऊ दे," गुरुजी म्हणाले.

डॉक्टरांनी पाय तपासला, फोटो काढला, तीन महिने गप्प बसल्याबद्दल म्हातारीला नव्हे तर गुरुजींना बोल लावले, आणि वेगळी, कमी जोराची गोळी लिहून दिली. तिच्यावरही लाल पट्टी होतीच. संध्याकाळी मेडिकलमध्ये मुस्तकीमने खुर्ची दिली ती तुळजाबाईंना. गुरुजींनी त्याने विचारायच्या आत चिठ्ठी पुढे केली, आणि तो रजिस्टर भरत होता तोवर ते निमूट उभे राहिले.

रात्री आठ वाजता त्यांनी अख्खं पाकीटच आईच्या पुढे ठेवलं. कात्री आणली नाही, वहीही आणली नाही. तुळजाबाईंनी एक गोळी काढून तळहातावर घेतली आणि सवयीने म्हणाल्या, पान्यासंगं घेते, तू जा.

गुरुजी गेले नाहीत. त्यांनी तांब्यातून पाणी ओतलं आणि पेला तिच्या हातात देऊन तिथेच बसून राहिले.